तुमचं ऑर्किड टाकून देऊ नका

नमस्कार,

आमच्याकडून नेलेल्या ऑर्किडची फुलं अडीच महिन्यांत गळाली, त्यानंतर वर्षभर नुसती पानंच येताहेत आणि आम्ही ‘औषध मारून एकदाच फुलवलेली झाडं’ विकतो, असं तुम्ही लिहिलंय. सोबत फोटोही टाकलात, ते बरं झालं. वर्षभर निगा राखूनही फूल येत नसेल तर राग येणारच. पण औषधाचा आरोप मला मान्य नाही. आणि ‘आता फेकूनच देणार’ हे तर अजिबात करू नका, कारण झाड निरोगी आहे.

तुमचं ऑर्किड फॅलेनॉप्सिस जातीचं आहे. त्याचा एक बहर साधारण दोन-तीन महिने टिकतो, म्हणजे तुमची फुलं वेळेवरच गळाली. हरितगृहात हे झाड फुलवतात ते गारव्यावर. सतत २८ अंशांच्या वर ठेवलं की ते पानंच वाढवत राहतं. दिवसाचं तापमान २५च्या खाली आलं, रात्रीचं १६ ते १८पर्यंत उतरलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की पानाच्या बेचक्यातून फुलाचा दांडा निघतो. घरीही एवढंच साधायचं असतं. वर्षातल्या गार दिवसांत कुंडी खिडकीलगत ठेवा, रात्रीचा गारवा झाडाला लागू द्या.

तुमच्या फोटोतली पानं गडद हिरवी आहेत, लांबट आणि खाली लोळलेली. दिसायला छान, पण ऑर्किडचं पान इतकं गडद झालं की त्याला उजेड कमी पडतोय असं समजावं. रंग थोडा पोपटीकडे झुकलेला हवा. खोलीच्या मधोमध टेबलावर आपल्या डोळ्यांना भरपूर उजेड वाटतो, झाडाला तो पुरत नाही. सकाळचं कोवळं ऊन किंवा झिरझिरीत पडद्याआडचा उजेड द्या. दुपारचं कडक ऊन मात्र नको, पानं भाजतात.

कपाटाचंही सांगतो. संध्याकाळी पाचपासून सकाळी नऊपर्यंत झाड कपाटात बंद ठेवायचात, असं तुम्ही लिहिलंय. हा उपाय खरा आहे, पण पॉइन्सेटिया आणि कलांचो या शोभेच्या झाडांसाठी. त्यांना फुलायला लांब, अखंड रात्र लागते. फॅलेनॉप्सिसचं गणित तसं नाही. तुम्ही इतक्या मेहनतीने केलंत आणि त्यात नेमका सकाळचा उजेड बुडाला, याचं मला मनापासून वाईट वाटतं. झाड कपाटात ठेवणं आजपासून थांबवा.

पाणी तुम्ही नीट देताय, मुळं टणक दिसताहेत. ती चंदेरी झाली की पाणी घाला, हिरवी असताना नको, आणि पानांच्या मध्यात पाणी साचू देऊ नका. जुना दांडा पूर्ण वाळून तपकिरी झालाय, तो बुडापासून कापून टाका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. फोटोत खालून दुसऱ्या पानाच्या बेचक्यात एक छोटा कोंब दिसतोय. त्याचं टोक गुळगुळीत, गोल असेल तर ते मूळ आहे. टोक किंचित चपटं, चोचीसारखं असेल आणि कोंब वर वळत असेल, तर तो फुलाचा दांडा आहे. मला ते मूळच वाटतंय, पण दांडा निघाला तर कुंडी एकाच जागी ठेवा, सारखी फिरवू नका. पिकत्या फळांच्या जवळ तर ठेवूच नका, त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने कळ्या गळतात. दांडा दिसल्यापासून फूल उमलायला दोन-तीन महिने लागतात.

त्या कोंबाचा जवळून एक फोटो इथेच टाका किंवा झाड घेऊन या, मी स्वतः बघून सांगतो.