भिवंडीचा उल्लेख हवा होता

वस्तीच्या सुरक्षेवरच्या या लेखात सगळा भर कॅमेरे आणि रात्रीच्या गस्तीवर. भिवंडी कशी विसरलात? १९७० आणि १९८४ च्या दंगलींत होरपळलेलं ते गाव १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली तरी शांत राहिलं. पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी आधीच्या काही वर्षांत उभ्या केलेल्या मोहल्ला कमिट्यांचा त्यात मोठा वाटा. नेहमीचे पुढारी नव्हेत, दोन्ही समाजांतली साधी माणसं आणि पोलीस शिपाई एकत्र बसायचे. त्यामुळे अफवा उठली की खरंखोटं कुणाला विचारायचं हे ठाऊक असायचं. आमच्याकडची शांतता समिती फक्त गणपती-ईदच्या आधी भरते. चहा होतो, फोटो निघतो, संपलं! निदान शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांना तरी तिथे बोलवा, गल्लीतली खबर त्यांनाच आधी लागते.