संमतीपत्रावर सही केली म्हणजे भरपाईचा हक्क सोडला असे होत नाही

पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरतो आहे. त्याचा मतितार्थ असा की, शस्त्रक्रियेत डॉक्टरांचा हलगर्जीपणा झाला तरी भरपाई मागता येत नाही; कारण संमतीपत्रावर तुमची सही असते, ट्रस्टचे रुग्णालय ग्राहक कायद्यात बसत नाही आणि फौजदारी गुन्हा सिद्ध झाल्याशिवाय दावा उभा राहत नाही. या तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

लोक सर्वांत जास्त धास्तावतात ते सहीला. रात्री भरती करताना काउंटरवरून छापील कागद पुढे सरकतो, पेन्सिलीने फुली मारलेल्या जागी नातेवाईक सही करतो आणि मजकूर वाचायची मनःस्थिती कोणाचीच नसते. मात्र त्या सहीने रुग्ण शस्त्रक्रियेला व तिच्यातल्या अटळ धोक्यांना होकार देतो, निष्काळजीपणाला नव्हे. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात 1963 मध्ये नसबंदीच्या शस्त्रक्रियेनंतर पोटात टॉवेल राहून गेला आणि ती महिला दगावली. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये राज्य सरकारला जबाबदार धरले. याच न्यायालयाने 2008 मध्ये असेही स्पष्ट केले की, दुर्बिणीने तपासणी करण्यापुरती घेतलेली संमती गर्भाशय काढून टाकायला पुरत नाही.

ट्रस्टचा मुद्दा तर 1995 मध्येच निकालात निघाला आहे. काही रुग्णांकडून पैसे घेणाऱ्या रुग्णालयात मोफत उपचार घेणारा रुग्णही ग्राहकच ठरतो; म्हणजे धर्मादाय रुग्णालयातल्या निर्धनांसाठीच्या राखीव खाटेवरचा माणूसही तक्रार करू शकतो.

फौजदारी खटला आणि भरपाई यांची गल्लत नेहमीच होते. डॉक्टरला शिक्षा व्हायची तर घोर निष्काळजीपणा दाखवावा लागतो, असे 2005 च्या निकालात म्हटले आहे. भरपाईसाठी मात्र वाजवी काळजी घेतली गेली नाही, एवढे सिद्ध झाले तरी पुरते. याच्या उदाहरणासाठी पुण्याबाहेर जायचीही गरज नाही. 1953 मध्ये कोकणातल्या समुद्रकिनाऱ्यावर मांडीचे हाड मोडलेल्या एका तरुणाला पुण्यात आणले, तेथे भूल न देता जोर लावून हाड बसवण्यात आले आणि तो दगावला. त्याच्या वडिलांना, जे स्वतः डॉक्टर होते, 3,000 रुपयांची भरपाई मंजूर झाली व सर्वोच्च न्यायालयानेही ती कायम ठेवली.

शस्त्रक्रिया फसली म्हणजे हलगर्जीपणा झालाच, असे अर्थातच नाही, आणि प्रकरणे रेंगाळतात हेही खरे. पण मुदतीबद्दल हा संदेश चकार शब्द काढत नाही, आणि माझ्या मते त्याचा खरा अपाय तोच आहे: ग्राहक आयोगाकडे जायला तक्रारीचे कारण घडल्यापासून 2 वर्षे मिळतात. रुग्णालयाला दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क लागत नाही, वकील देणेही सक्तीचे नाही. उपचाराची कागदपत्रे लेखी मागितल्यावर 72 तासांत द्यावी लागतात. तो अर्ज आधी करावा आणि पोच घ्यायला विसरू नये.