पेटीतला खालचा थर

गेल्या शुक्रवारी खुरसाच्या वाटेच्या प्रार्थनेहून घरी आलो आणि मोबाईल उघडला. निम्म्या ओळखीच्यांनी उपासाचं स्टेटस ठेवलेलं. एकाने तर वृद्धाश्रमात केळी वाटतानाचे अकरा फोटो टाकले होते. तेवढी केळी तरी होती का, कोण जाणे! हसू आलं, मग लाजही वाटली. दोन वर्षांमागे असाच फोटो मीही टाकलाय.

ईस्टरआधीचा उपासाचा प्रायश्चित्तकाळ आणि पहिला हापूस आमच्याकडे हातात हात घालून येतात. मार्चमध्ये फळ कमी, वाशीला भाव चढा. किरिस्तांव, म्हणजे ख्रिस्ती, बागायतदाराची परीक्षा तेव्हा, आणि ती इगर्जीत (चर्चमध्ये) नाही, पेटी भरताना. वर तीनशे ग्रॅमचं देखणं फळ, खाली पेंढ्यात दडवलेलं बारकं. नाहीतर सरळ कर्नाटकचा आंबा देवगडच्या नावावर. २०१८ साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी हे चालूच आहे.

कॉलेजात असताना मीही तसा थर भरला होता. पप्पा ओरडले नाहीत. पेटी उपडी केली, "खालचो थर वर घाल, मगे बांध," म्हणाले आणि तेर्साला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला, बसले. त्या पेटीला भाव कमीच आला. मी दोन दिवस बोललो नाही त्यांच्याशी.

बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या १९व्या अध्यायातला जक्कय आपण मुलांच्या नाटकात दाखवतो. ठेंगणा जकातदार, येशूला बघायला उंबरावर चढलेला. झाडावर चढण्याला टाळ्या पडतात. उतरल्यावर तो काय म्हणाला, ते नाटकात घाईघाईत उरकतात: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत. चौपट! आमच्यात कुणी दलालाला फोन करून "गेल्या साली दोन डझन हलके होते, पैसे कापा" म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. मीही केलेला नाही असा फोन.

'तुमचा प्रकाश लोकांपुढे पडू द्या' हे मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे, मान्य. पण एक पान उलटा, दान करताना उजव्या हाताचं डाव्याला कळू देऊ नका, तेही त्याच डोंगरावरच्या प्रवचनात आहे. स्टेटसवाल्यांचं पान तिथे चिकटलंय बहुतेक.

शेजारचे काका मुंबईच्या लेकीला आमचीच पेटी पाठवतात, न उघडता. किरिस्तावाची म्हणून नव्हे, पप्पांची म्हणून. पप्पांना जाऊन नऊ वर्षं झाली.

काल मुलगा पेट्या भरत होता. मी मागे जाऊन उभा राहिलो. मान वर न करता म्हणाला, "पप्पा, काय बघतास?"