निर्णय कॅप्टनच्याही आधी होतो
'धावपट्टीची सूचना मोघम असली तरी शेवटचा निर्णय कॅप्टनचा, त्यामुळे फारसं बिघडत नाही,' हे धावपट्टी किती निसरडी आहे याच्या सूचनांवरच्या लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. मी डिस्पॅचमध्ये, म्हणजे उड्डाणाची आखणी करणाऱ्या विभागात काम केलंय. कॅप्टन कॉकपिटमध्ये बसण्याआधीच इंधन किती, पर्यायी विमानतळ कोणता, माल किती, हे कागदावर ठरलेलं असतं. पावसाळ्यात चिकलठाण्याला, म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या विमानतळावर येणाऱ्या संध्याकाळच्या फ्लाइटसाठी सूचना हातात पडली: 'ओली असताना धावपट्टी निसरडी होऊ शकते.' कुठल्या टोकाला? किती लांबीवर? काहीच नाही. फोन करून विचारलं तर 'तेच धरा' एवढंच उत्तर. मग वाईटात वाईट धरून हिशोब करावा लागतो. जास्तीचं इंधन घेतलं की उतरतानाचं वजन वाढतं, म्हणजे थांबायला अंतरही जास्त लागतं. शेवटी माल उतरवला आणि लोकांच्या बॅगा मुंबईतच राहिल्या.

नोव्हेंबर २०२१ पासून जगभर धावपट्टीच्या प्रत्येक तृतीयांश भागाला ० ते ६ असा कोड द्यायची पद्धत आहे; ६ म्हणजे कोरडी, आकडा जितका कमी तितकी धावपट्टी निसरडी. ३ मिलिमीटरपर्यंत पाणी असेल तर कोड ५, त्याहून जास्त साचलं तर एकदम २. फरक केवढा पडतो बघा! आणि नेमका तोच फरक मोघम वाक्यात गडप होतो. नांदेडसारख्या ठिकाणी मोजकीच विमानं येतात, तिथं एक फ्लाइट रद्द झाली की प्रवाशाला रात्रीची ट्रॅव्हल्सच शोधावी लागते. लेखात याबद्दल एक ओळ तरी हवी होती.