मृत्युपत्र रजिस्टर केलंय ना, मग झालं?

परवा एका लग्नात पंगतीत शेजारी बसलेले काका मोठ्या अभिमानाने सांगत होते, "मृत्युपत्र रजिस्टर करून टाकलंय, आता कोणाचा बाप आला तरी काही करू शकत नाही." मी म्हटलं काका, साक्षीदार कोण घेतलेत? तर म्हणे ऑफिसच्या बाहेर दोन पोरं उभी होती, चहापाण्याला दिले आणि सह्या घेतल्या. नावं विचारली तर आठवेनात. माझा घास हातातच राहिला, कारण आमच्या घरात या एका गोष्टीवरून पाच वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवून झाल्यात.

आमची आत्या. मूलबाळ नाही, तिचे यजमान, म्हणजे आमचे मामा, लवकर गेले. शेवटची आठ-नऊ वर्षं तिचं सगळं दादाने केलं, डायपर बदलण्यापर्यंत सगळं. घर आणि दीड एकर तिने दादाच्या नावे लिहून ठेवलं, २०१६ साली, रजिस्टर करून. ती गेली आणि तेराव्याला जेवून गेलेल्या तिच्या पुतण्यांनी दोन महिन्यात दावा टाकला की मृत्युपत्र बोगस आहे. आणि त्यांचा फायदा सरळ होता, कारण हिंदू बाई मृत्युपत्र न करता गेली आणि तिला नवरा-मुलं कोणी नसेल तर नवऱ्याकडून आलेली मालमत्ता नवऱ्याच्याच वारसांकडे जाते. म्हणजे मृत्युपत्र पडलं की आम्ही रस्त्यावर, तिच्यासाठी काय केलं ते कोणी विचारत नाही.

आम्हाला वाटलं रजिस्टर आहे, फोटो आहे, अंगठा आहे, अजून काय पाहिजे. वकिलांनी पहिल्याच दिवशी हवा काढली. म्हणाले मृत्युपत्राला रजिस्ट्रेशनची सक्तीच नाही, साध्या कोऱ्या कागदावर केलं तरी चालतं, पण रजिस्टर केलं म्हणून ते आपोआप सिद्धही होत नाही. वारसा कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे किमान दोन साक्षीदार लागतात, त्यांनी करणाऱ्याला सही करताना बघितलेलं पाहिजे किंवा त्याने 'ही माझी सही' असं त्यांना सांगितलेलं पाहिजे, आणि साक्षीदारांनी त्याच्यासमोर सही केलेली पाहिजे. आणि हे कोर्टात येऊन निदान एका साक्षीदाराने सांगावंच लागतं, तो जिवंत आणि येण्यासारखा असेल तर. जुन्या पुरावा कायद्यात हे कलम ६८ होतं, आता नवीन साक्ष्य अधिनियमात ६७ झालंय, नंबर बदलला पण डोकेदुखी तीच.

आमचे दोन साक्षीदार म्हणजे शेजारचे गुरुजी आणि कोपऱ्यावरचा मेडिकलवाला. गुरुजी आत्याच्याच वयाचे. दावा सुरू झाला आणि पुरावा लागायच्या आधीच गुरुजी गेले. आपल्याकडे हीच गंमत आहे, ऐंशीच्या माणसाच्या मृत्युपत्राला अठ्ठ्याहत्तरचा मित्र साक्षीदार. अरे तो तुमच्या आधी गेला तर?

राहिला मेडिकलवाला. बिचारा दुकान बंद करून सहा तारखांना आला, त्यातल्या चार वेळा पुढची तारीख. शेवटी उलटतपास सुरू झाला आणि समोरच्या वकिलाने एकदम गोड आवाजात विचारलं, "मधे तुम्ही झेरॉक्स काढायला बाहेर गेला होतात ना?" हा म्हणाला, "हो, गेलो होतो." वकिलाने लगेच पुढचा प्रश्न सोडून दिला आणि खाली बसला. मला काही कळलं नाही, पण आमच्या वकिलांचा चेहरा बघून पोटात गोळा आला. कारण तेवढ्या एका 'हो' वरून पुढे म्हणता आलं असतं की गुरुजींनी सही केली तेव्हा हा तिथे नव्हताच. सुप्रीम कोर्टाने २००२ च्या जानकी भोईर प्रकरणात म्हटलंय की एकच साक्षीदार तपासला तर त्याला दुसऱ्याच्याही साक्षांकनाबद्दल, म्हणजे त्याने साक्षीदार म्हणून केलेल्या सहीबद्दल, सांगता आलं पाहिजे. फेरतपासात, म्हणजे उलटतपासानंतर आपल्याच साक्षीदाराला परत विचारतात तेव्हा, आमच्या वकिलांनी विचारून घेतलं, झेरॉक्स कशाची? आधारकार्डांची. कधी? सह्यांच्या आधी. परत आल्यावर काय झालं? आधी आत्याने केली, मग गुरुजींनी, मग मी, तिघंही एका टेबलाला. हुश्श.

आता एक गोष्ट जी मला सगळ्यात लागली. संशयास्पद परिस्थिती नावाचा एक प्रकार असतो, सुप्रीम कोर्टाच्या १९५८ च्या वेंकटाचल अय्यंगार निकालापासून सगळीकडे तोच. ज्याला मालमत्ता मिळणार त्यानेच मृत्युपत्र करण्यात पुढाकार घेतला असेल तर तो संशय त्यानेच दूर करायचा. दादाला पिंजऱ्यात उभं करून विचारलं, रिक्षा कोणी आणली? वकिलाची फी कोणी दिली? तुम्हीच ना? अहो मग कोण आणणार होतं, तुम्ही पुतणे आला होतात का कधी? तेव्हा डोकं फिरलं होतं माझं. पण खरं सांगायचं तर कायदा चुकीचा नाही. आमच्याच गल्लीत एका म्हातारीचा आयसीयूत अंगठा घेतलेला मला माहितीये, तिथे हाच प्रश्न कोणीतरी विचारायला पाहिजे होता. सेवा करणारा आणि लुबाडणारा, दोघंही म्हातारीला रिक्षातूनच नेतात, जज्जला बाहेरून कसं कळणार?

म्हणून त्या काकांना मी सांगितलं, मृत्युपत्र परत करा, साक्षीदार तुमच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, ओळखीचे, गावातच राहणारे घ्या, आणि ज्याला देताय त्याला त्या दिवशी घरी बसवा. डॉक्टरचा दाखला कायद्याने सक्तीचा नाही पण घ्या, फक्त तो डॉक्टर उद्या कोर्टात येईल असा बघा. काका म्हणाले, बघू दिवाळीनंतर. 🙏

आमचा निकाल आमच्या बाजूने लागला, पण पुतणे जिल्हा कोर्टात अपिलात गेलेत. काल मेडिकलमध्ये बीपीच्या गोळ्या घ्यायला गेलो तर तो काउंटरवरून हळूच विचारतो, "दादा, मला परत नाही ना यायचं?"