‘ॲड्रेनालिन हेच औषध’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

‘ॲड्रेनालिन : निसर्गाचं फुकट औषध’ असा लांबलचक मेसेज पावसाळा लागल्यापासून सांगली-साताऱ्याच्या ग्रुपांवर फिरतोय. इतके दिवस वाचून सोडून देत होतो. पण परवा तो आमच्या दाजींनीच घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘रविवारी भांबवलीला जाऊ, धबधब्याखाली उभं राहू, गोळ्यांपेक्षा बरं.’ दाजींना स्टेंट बसवून अजून वर्ष झालेलं नाही. त्यावर त्यांच्या पोरानं, म्हणजे माझ्या भाच्यानं, लगेच लिहिलं, ‘मी आयर्विन पुलावरून उडी मारणार.’ भाचा बारावीला आहे. आता गप्प बसणं शक्य नाही.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. जिवावरचा थरार घेतला की ॲड्रेनालिन, म्हणजे भीतीत शरीरात सुटणारं द्रव्य, सुटतं आणि रक्तवाहिन्या साफ होतात. डॉक्टर बंद पडलेलं हृदय याच इंजेक्शननं चालू करतात, मग ते फुकटात का घेऊ नये? संकटात अंगात दहापट ताकद येते, त्यामुळे पुराच्या पाण्यातसुद्धा शरीर आपोआप तरून जातं. दोर आणि हेल्मेट वापरलं की भीती जाते, आणि भीती गेली की फायदाही जातो. मावळ्यांनी कुठे दोर वापरले होते? आणि शेवटी, उदासपणावरच्या गोळ्या बंद करा, महिन्यातून एकदा कड्यावर जा.

मी डोंगरात जाणारा माणूस आहे. कातळावर चढलोय, दोरावरून उतरलोय, तो थरार मला मनापासून आवडतो. म्हणूनच हे वाचून जास्त चीड येते. आमच्या छंदाच्या नावावर कुणीतरी माणसांना मरणाच्या दारात ढकलतंय.

आधी इंजेक्शनचं बोलू, कारण दाजी त्यावरच अडून बसलेत. त्यात अर्धं खरं आहे, ते मान्य करावं लागेल. हृदय बंद पडलेल्या रुग्णाला दर तीन ते पाच मिनिटांनी एक मिलिग्रॅम ॲड्रेनालिन देतात. किल्ल्यावर आग्यामोहोळ उठून कुणाला जबर ॲलर्जी झाली, घसा सुजून श्वास अडकला, रक्तदाब कोसळला, तर मांडीत दिलेलं हेच इंजेक्शन जीव वाचवतं. पण तिथे रक्तदाब कोसळलेला असतो म्हणून तो वर चढवायचा असतो. दाजी रोज सकाळी गोळी घेतात ती रक्तदाब खाली ठेवायला.

बंद हृदयाच्या बाबतीतही गोष्ट मेसेजमध्ये लिहिलीय तितकी सरळ नाही. ब्रिटनमध्ये यावर मोठी चाचणी झाली, पॅरामेडिक-टू नावाची. दवाखान्याबाहेर हृदय बंद पडलेले ८,०१४ रुग्ण. साधारण निम्म्यांना ॲड्रेनालिन दिलं, निम्म्यांना नुसतं सलाइनचं पाणी. निकाल २०१८ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला. तीस दिवसांनी जिवंत होते ॲड्रेनालिनवाल्यांपैकी ३.२ टक्के आणि पाणीवाल्यांपैकी २.४ टक्के. म्हणजे थोडा फायदा झाला. पण मेंदू धड राहून वाचलेले २.२ आणि १.९ टक्के, म्हणजे ठामपणे बोट ठेवावा असा फरक नाही. आणि जे वाचून घरी गेले त्यांच्यात मेंदूला गंभीर इजा झालेल्यांचं प्रमाण ॲड्रेनालिनवाल्यांत ३१ टक्के, दुसऱ्या गटात १७.८. हृदय थांबलेल्या माणसाला, प्रशिक्षित हातांनी, मोजून दिलं तरी हिशोब इतका अवघड आहे. चालत्या-बोलत्या हृदयरोग्यानं ते ‘टॉनिक’ म्हणून घ्यायचं, हे लिहिणाऱ्याला काहीच कसं वाटलं नाही?

रक्तवाहिन्या साफ होतात हे तर निखालस खोटं आहे. मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या छोट्या ग्रंथींतून ॲड्रेनालिन सुटतं. त्यानं ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, यकृतातली साखर रक्तात येते आणि रक्तातल्या प्लेटलेट्स एकमेकींना चिकटायला जास्त तयार होतात. जखम झाली तर रक्त लवकर थांबावं, म्हणून शरीराची ही तयारी. अरुंद झालेल्या रक्तवाहिनीत मात्र नेमकं तेच नको असतं. फिओक्रोमोसायटोमा नावाची एक गाठ असते, ती या ग्रंथींत होते आणि रक्तात ॲड्रेनालिनसारखी द्रव्यं ओतत राहते. मेसेज खरा असता तर हे रुग्ण सगळ्यांत ठणठणीत दिसायला हवे होते. प्रत्यक्षात डोकं फुटेल असं दुखणं, दरदरून घाम, छातीत धडधड आणि भयानक चढलेला रक्तदाब घेऊन ते दवाखान्यात येतात, आणि ती गाठ ऑपरेशन करून काढावी लागते.

दाजी, तुमच्यासाठी आणखी एक. स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या असतात, त्या मनानं बंद केल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. आणि त्या चालू ठेवून धबधब्याच्या शेवाळलेल्या दगडावर घसरलात, डोकं आपटलं, तर रक्त लवकर थांबत नाही. तुमच्या डॉक्टरांना विचारून रोज चाला. अजिंक्यताऱ्याचा डांबरी रस्ता आहे, हळूहळू वर जा, मी येतो बरोबर.

आता पुलाचं. हा मुद्दा मला सगळ्यांत घातक वाटतो.

आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट, हे सांगलीतल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. पाणी चढायला लागलं की पुलावर गर्दी होते आणि कठड्यावरून उड्या पडतात, हेही सगळ्यांनी पाहिलंय. त्यातले काही खरोखर पट्टीचे पोहणारे असतात. घाटावरच लहानाचे मोठे झालेले, कुठे उडी घ्यायची, प्रवाह कुठे नेईल आणि कुठे काठ धरायचा हे ठरवून उतरणारे. त्यांना पाहून मेसेजवाला लिहितो की ताकद ॲड्रेनालिननं येते. ती ताकद त्या नदीत काढलेल्या वर्षांची आहे, आणि पूर चढलेला असताना त्यांच्यातही कुणी उतरू नये असंच माझं मत आहे.

पुलाच्या खांबाजवळचं पाणी नीट बघा. वरच्या अंगाला ते खांबावर चढतं आणि खालच्या अंगाला खड्डा पडून गरगरतं. वरून काढलेल्या व्हिडिओत तो भोवरा नुसता फेस दिसतो. जलपर्णीचा हिरवा गालिचा वाहत येतो आणि त्याखाली मुळासकट उपटलेली बाभूळ असते. पाण्याबाहेर दिसते फक्त एक फांदी, बाकी सगळं झाड काट्यांसकट हातभर खाली फिरत असतं. कुंपणाच्या तारा असतात, पत्रे असतात. कृष्णेत मगरी आहेत हे हरिपूर-डिग्रजच्या माणसाला वेगळं सांगायला नको. दहा मीटरवरून उडी मारली तर पाण्याला टेकताना वेग ताशी ५० किलोमीटर असतो. त्या वेगानं बाभळीच्या बुंध्यावर पडलेल्या पोराला ॲड्रेनालिन काय वाचवणार?

दहापट ताकदीचं म्हणाल, तर भीतीत वेदना कमी जाणवते आणि एरवी न निघणारा जोर थोडा वेळ निघतो, इतकंच. स्नायू तेच असतात. हृदय धाडधाड पळत असतं म्हणून प्राणवायू भराभर संपतो, आणि घाबरलेला माणूस लय सोडून हातपाय मारतो. बुडणारा सहसा ओरडत नाही, हातही हलवत नाही. तोंड पाण्याच्या वर ठेवण्यातच त्याचं सगळं बळ जातं आणि मिनिटाभरात खेळ संपतो. काठावरच्यांना वाटतं, पोहतोय. कुणी मदतीला गेलंच तर तो त्यालाच मिठी मारतो, म्हणून जाणता पोहणारा बुडणाऱ्याच्या समोरून कधी जात नाही. ब्रह्मनाळला २०१९ ला पुरातून बाहेर पडणाऱ्यांची बोट उलटली आणि किती जण गेले ते आपण विसरलो नाही. त्या पाण्यात हौसेनं उडी मारायला सांगणारा मेसेज सांगलीच्याच ग्रुपांवर पुढे जातो, याचा मला मनस्वी संताप येतो.

दोर-हेल्मेटवाला मुद्दा ज्यानं लिहिला तो कड्यावरून कधी उतरलेला नाही. रॅपलिंगला, म्हणजे दोरावरून कडा उतरायला, पहिल्यांदा कड्याच्या काठावर पाठ करून उभं राहा. हार्नेसचं, म्हणजे कमरेच्या पट्ट्याचं, बक्कल दुसऱ्यानं ओढून बघितलेलं असतं, कॅरॅबिनरचा, म्हणजे दोर अडकवायच्या कडीचा, स्क्रू फिरवून बंद केलेला असतो, दोर बांधायचे अँकर दोन असतात, खाली बिले धरणारा, म्हणजे दोर ताणून पडणाऱ्याला रोखणारा, तयार असतो. दोन हजार किलोंवर भार पेलणारा दोर आहे हे डोक्याला माहीत असतं. तरी मागे झुकायची वेळ आली की गुडघे लटपटतात आणि तोंड कोरडं पडतं. दोर आहे म्हणून भीती जात नाही. आणि हेल्मेट असतं वरून सुटणाऱ्या दगडासाठी. पावसाळ्यात आपल्याकडचा कातळ सैल होतो, वर एखादं माकड पळालं तरी दगड येतात.

उलट ॲड्रेनालिन जास्त झालं की बोटं थरथरतात, साधी आठची गाठ घालता येत नाही. म्हणून चांगला चढणारा टप्प्याखाली थांबतो, श्वास खाली आणतो, मगच हात घालतो. पाचगणीत वारा बरोबर नसला की जाणते पॅराग्लायडर पंख पसरतसुद्धा नाहीत, बसून राहतात, आणि पावसाळ्यात तर उड्डाणं बंदच असतात. सडावाघापूरला उलट्या धबधब्याच्या कडेला वाऱ्यावर रेलून व्हिडिओ काढणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. वारा एका क्षणात पडतो.

मावळ्यांवर लांबण लावत नाही. सभासद बखरीत सिंहगडाचं वर्णन आहे. निवडून काढलेले दोन चढणारे आधी वर गेले, त्यांनी वरून माळ, म्हणजे दोराची शिडी, लावली आणि तानाजी मालुसरे आणि बाकीचे लोक त्या माळेवरून चढले. थराराखातर कुणी कड्याला हात घातला नव्हता.

राहिला उदासपणाचा मुद्दा. व्यायामानं, मोकळ्या हवेनं, चार मित्रांबरोबर डोंगरात गेल्यानं मन हलकं होतं, हे मीही अनुभवलंय आणि नैराश्यात व्यायामाचा उपयोग होतो हे डॉक्टरही सांगतात. पण ते काम नेमानं चालणं, झोप आणि माणसांची सोबत करते. ॲड्रेनालिन काही मिनिटांत उतरतं. त्याच्या भरवशावर चालू गोळ्या अचानक तोडल्या तर चक्कर, बेचैनी होते आणि आजार पुन्हा उसळू शकतो. मनात जिवाचं बरंवाईट करायचे विचार असलेल्या माणसाला ‘कड्यावर जा’ म्हणणं, हे या मेसेजमधलं सगळ्यांत निर्दय वाक्य आहे. तुमच्या ओळखीत असं कुणी असेल आणि त्याला हा मेसेज गेला असेल, तर त्याला आजच फोन करा. सरकारची टेली मानस ही हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, चोवीस तास चालू, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.