विमानाला जास्त वेळ लागतो, पण पृथ्वी फिरते म्हणून नाही

मुंबई–न्यूयॉर्क विमानाचं ‘गुपित’ सांगणारा फॉरवर्ड पुन्हा फिरतोय. या वेळी तो आईच्या भिशीच्या ग्रुपवर आला आणि लेकीकडे निघालेल्या एका मावशींनी त्यावरून गोळ्यांच्या वेळा ठरवल्या. आता गप्प बसवत नाही.

त्यातलं पहिलं वाक्य: ‘पृथ्वी उलट दिशेने फिरते, म्हणून जाताना जास्त वेळ लागतो.’ अहो, पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते आणि विमान पश्चिमेला निघालेलं असतं. जमीन खालून सरकत असती तर न्यूयॉर्क विमानाकडे धावत आलं असतं आणि जाताना कमी वेळ लागला असता. प्रत्यक्षात जाताना साधारण १६ तास लागतात, येताना साडेचौदा-पंधरा. म्हणजे दाव्याची दिशाच चुकली आहे. मुंबईच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे १,५८० किमी वेगाने पूर्वेला जाते, आणि तिच्यासोबत हवा, विमान, प्रवासी सगळेच जातात. तसं नसतं तर ताशी ९०० किमीचं विमान मुंबईहून नागपूरला कधीच पोचलं नसतं. धावत्या लोकलमध्ये नाणं वर उडवा, ते तुमच्याच तळहातावर येतं, मागच्या माणसाच्या डोक्यावर नाही.

खरं कारण वारा. ३० ते ४० हजार फुटांवर जेट स्ट्रीम नावाचा वेगवान वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, हिवाळ्यात कधी ताशी २०० किमीच्याही पुढे. अंतर आहे सुमारे १२,५३० किमी. वाटभर सरासरी ५० किमीचा वारा समोरून धरला तर ९०० चा वेग ८५० होतो आणि पावणेपंधरा तास लागतात. तोच वारा पाठीशी असला तर ९५० चा वेग आणि तेरा तास दहा मिनिटं. यात धावपट्टीपर्यंतचं रांगणं, चढ-उतार आणि वळसे मिळवा, की वेळापत्रकातले आकडे येतात. ९ फेब्रुवारी २०२० ला ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७४७ विमान वादळी वाऱ्याच्या पाठबळावर न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं, जमिनीच्या हिशोबाने ताशी १,३०० किमीच्या वर. त्या दिवशी पृथ्वीचा वेग बदलला नव्हता, वारा बदलला होता.

जेट स्ट्रीम पूर्वेकडे वळतो तो पृथ्वीच्या फिरण्यामुळेच, एवढं अर्धसत्य मान्य करतो. पण फॉरवर्ड म्हणतो ते हे नव्हे.

फॉरवर्डमधलं दुसरं वाक्य: ‘कंपन्या उत्तरेकडून वळसा घालून तिकीट वाढवतात.’ पृथ्वीगोलावर मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणून धरा. तो आइसलँडवरून जातो, आणि तोच सगळ्यात जवळचा रस्ता. भिंतीवरच्या नकाशात सरळ दिसणारी, इजिप्त-मोरोक्कोवरून जाणारी रेघ जवळपास १४,२०० किमी भरते, म्हणजे सतराशे किमी जास्त. आणि विमानाचं भाडं रिक्षाच्या मीटरसारखं किलोमीटरवर वाढत नाही; वळशाचं इंधन कंपनीच्याच खिशातून जातं. हवाई हद्द बंद झाली की मात्र खरंच वळसा पडतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपली हद्द भारतीय विमानांना बंद केली, आणि तो ताणलेला दोरा नेमका सिंध-बलुचिस्तानवरून जातो.

आता शेवटचं, सगळ्यात घातक वाक्य: ‘विमान रात्री १.३० ला निघतं, सकाळी ७ ला पोचतं, म्हणजे प्रवास साडेपाच तासांचा. वाटेत गोळ्या लागत नाहीत.’ १.३० ही मुंबईची वेळ आहे, ७ ही न्यूयॉर्कची. तिथलं घड्याळ हिवाळ्यात आपल्या साडेदहा तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेनऊ. साडेपाच अधिक साडेदहा, सोळा तास. मावशी, रक्तदाबाची गोळी शरीराला या सोळा तासांच्या हिशोबाने लागते. मनगटावरचं घड्याळ विमानातून उतरेपर्यंत भारताच्या वेळेवर ठेवा आणि गोळ्या त्यावरच घ्या. इन्शुलिन असेल तर डोसच्या वेळा निघण्याआधी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या, आणि औषधं मोठ्या बॅगेत न टाकता हातातल्या पिशवीत ठेवा.